जुनी पोस्टकार्डं: आधी ओळख, मग भाव, मग बाजार

माळ्यावरची ट्रंक खाली येते, आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा हाती लागतो आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर दोन फोटो काढून चार ठिकाणी पाठवतं: "याचे किती येतील?" घोटाळा इथूनच सुरू होतो. आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसताना भाव विचारला, की समोरचा सांगेल तोच भाव.

मला दाखवायला आणलेल्या गठ्ठ्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. कार्डावरच्या तिकिटाचा चौकोन कात्रीनं कापून वेगळा ठेवलेला. कार्ड "टिकावं" म्हणून लॅमिनेट केलेलं. किंवा सगळा गठ्ठा एकरकमी देऊन टाकलेला आणि नंतर चौकशी सुरू केलेली. या तिन्ही चुका दुरुस्त होत नाहीत. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. घाई असेल तर एखाद्या टप्प्याला कमी वेळ द्या, पण क्रम बदलू नका.

## टप्पा १: हात लावण्याआधी

लागणारं सामान थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, मऊ कोरडा ब्रश, मऊ शिसपेन्सिल, एक वही आणि कार्डं ठेवायला पारदर्शक पाकिटं. पाकिटं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. उग्र वास येणारी पीव्हीसीची मऊ पाकिटं घेऊ नका, ती कालांतरानं चिकट होतात आणि शाई ओढून घेतात.

टेबलावर स्वच्छ सुती कापड अंथरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा. पंखा बंद करा, कारण जुनी कार्डं उडून पडली की कोपऱ्यावरच पडतात.

गठ्ठा सुतळीनं बांधलेला असेल तर गाठ सोडत बसू नका, सुतळी कापा. पण कापण्याआधी गठ्ठ्याचा जसाच्या तसा फोटो घ्या. कुठलं कार्ड कशासोबत होतं याला पुढे किंमत येते: एकाच माणसाची सलग वीस पत्रं ही सुट्या वीस कार्डांपेक्षा वेगळी चीज असते.

दोन कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, पाण्याची वाफही देऊ नका. तशीच बाजूला ठेवा. धूळ ब्रशनं, मधून कडेकडे, हलक्या हातानं झटका. याहून जास्त सफाई करायची नाही.

सावधान: खोडरबर, ओला कापूस, इस्त्री, चिकटपट्टी, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन, यातलं काहीही नको. कागद पिवळा आहे म्हणून ग्राहक परत जात नाही. कुणी घासून पांढरा केलेला कागद दिसला की मात्र जातो.

## टप्पा २: सरकारी कार्ड वेगळं, चित्रकार्ड वेगळं

पहिली वाटणी हीच करा, कारण दोन्हींचे ग्राहक निराळे असतात.

सरकारी पोस्टकार्ड म्हणजे ज्यावर तिकीट छापलेलंच असतं. हे टपाल तिकिटांचे संग्राहक घेतात. त्यांना चित्राशी घेणं नसतं. छपाई, दर, शिक्का, कुठून कुठे गेलं, एवढंच ते बघतात.

चित्रकार्ड म्हणजे एका बाजूला छायाचित्र किंवा चित्र, दुसऱ्या बाजूला पत्ता आणि वरून चिकटवलेलं तिकीट. हे गाव, विषय, छायाचित्रकार किंवा प्रकाशक यांच्यामागे असलेले लोक घेतात. मुंबईचं चित्रकार्ड शोधणाऱ्याला त्यावरचं तिकीट फारसं महत्त्वाचं नसतं.

यांखेरीज तिसरा ढीग करा: मजकुरासाठी मोलाची कार्डं. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कुठल्या प्रसंगी लिहिलं यामुळे वेगळी ठरणारी. आणि चौथा ढीग घरचा. आजीच्या हातची अक्षरं, लग्न ठरल्याचं पत्र, मुलगा पास झाल्याची बातमी. यातलं काय विकायचं नाही हे भावंडांना विचारून आजच ठरवा, बाजारभाव कळल्यावर नाही. पुढे भाव मोठा निघाला की घरात याच ढिगावरून कटुता येते. ती मी पाहिली आहे.

प्रत्येक कार्डाला क्रमांक द्या, पण कार्डावर नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात चिठ्ठी घाला आणि तोच क्रमांक वहीत लिहा. दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. कार्ड विकलं तरी आजोबांचं अक्षर घरात राहील.

## टप्पा ३: वय काढा

तारीख लिहिलेली असेल तर काम सोपं. पण जुन्या मराठी पत्रांत अनेकदा मिती आणि शक असतो: "चैत्र शु॥ ५ शके १८३२". शकात ७८ मिळवा, म्हणजे १९१०. पत्र पौष, माघ किंवा फाल्गुनातलं असेल आणि ते जानेवारी ते मार्चमध्ये पडत असेल, तर ७९ मिळवा. पत्र मोडीत असेल तर घरातल्या घरात अंदाज बांधू नका, मोडी वाचणाऱ्याकडून निदान मिती, गाव आणि नावं वाचून घ्या. मोडीचे वर्ग घेणारे लोक पुण्यात आणि इतर शहरांतही आहेत. त्यांना मूळ कार्ड पाठवू नका, स्कॅन पाठवा.

तारीख नसेल तर या खुणा बघा.

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झालं, किंमत पाव आणा. त्यावर "ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड" असं इंग्रजीत छापलेलं आणि व्हिक्टोरिया राणीचं मस्तक असे. १८९९ मध्ये त्यातला "ईस्ट" शब्द गेला. पुढे राजाच्या मस्तकावरून काळ कळतो: १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया, मग १९१० पर्यंत सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, आणि १९३६ नंतर सहावा जॉर्ज. मस्तक बदललं तरी जुना साठा काही काळ वापरला जाई, म्हणून शिक्क्यावरची तारीखच अखेरचा पुरावा.

पाव आण्याचं कार्ड १९२२ मध्ये अर्ध्या आण्याचं झालं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणजे "नये पैसे" दिसले की कार्ड त्यानंतरचं. पत्त्यात सहा अंकी पिन दिसला तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ही पिनपद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं आखली. आणि पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेलं २५ पैशांचं "मेघदूत" कार्ड २००२ पासूनचं आहे, त्याला सध्या जुनं म्हणून मागणी नाही.

चित्रकार्डाचं वय मागच्या बाजूवरून कळतं. सुरुवातीच्या कार्डांवर मागे फक्त पत्ता लिहायला परवानगी होती, म्हणून लोक चित्राच्या कडेच्या मोकळ्या जागेत दोन ओळी लिहीत. ब्रिटननं १९०२ मध्ये आणि अमेरिकेनं १९०७ मध्ये मागची बाजू उभ्या रेघेनं विभागून मजकुराला जागा दिली. इतर देशांतही साधारण याच काळात हा बदल झाला. मागे रेघ नसेल आणि "फक्त पत्ता लिहावा" अशी इंग्रजी सूचना असेल, तर कार्ड विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी.

तपासा: छपाईचं वय, तिकिटाचं वय आणि शिक्क्याची तारीख एकमेकांशी जुळतात का? १९०५ चं चित्र, सहाव्या जॉर्जचं तिकीट आणि १९४० चा शिक्का असं असेल तर कार्ड जुन्या साठ्यातलं आहे किंवा पुनर्मुद्रण आहे. दोन्ही वेळा भाव खाली येतो.

## टप्पा ४: मागणी कशाला, हे समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या. "जुनं म्हणजे महाग" ही समजूत या टप्प्यावर टाकून द्यावी लागते. १८७९ चं पाव आण्याचं कार्ड दीडशे वर्षांच्या जवळ पोचलं, तरी ते प्रचंड संख्येनं छापलं गेलं आणि आजही सहज मिळतं. साधा शिक्का, साधा मजकूर असेल तर त्याला फार भाव येत नाही. उलट १९४३ चं एखादं फाटकं दिसणारं कार्ड तुरुंगाच्या शिक्क्यामुळे त्याच्या अनेक पट जाऊ शकतं.

सरकारी कार्डात काय शोधायचं

शिक्के. मोठ्या शहराचा गोल शिक्का सगळीकडे सापडतो. लहान खेड्याच्या शाखा डाकघराचा स्पष्ट शिक्का, रेल्वेच्या टपालडब्यात मारलेला शिक्का, मुंबई आणि एडनच्या दरम्यान बोटीवर टपाल निवडणाऱ्या "सी पोस्ट ऑफिस"चा शिक्का (ही सेवा १८६८ ते १९१४ चालली), पत्ता न सापडल्यानं मृतपत्र कार्यालयात जाऊन आलेलं कार्ड, हे सगळं वेगळं काढून ठेवा. महायुद्धाच्या काळातले फील्ड पोस्ट ऑफिसचे क्रमांक आणि सेन्सॉरचे शिक्केही. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या ज्या घरांतले लोक सैन्यात होते, त्यांच्या गठ्ठ्यात हे सापडण्याची शक्यता जास्त.

तुरुंगातली पत्रं. १९३० ते १९४४ च्या दरम्यान येरवडा, नाशिक, धुळे अशा तुरुंगांतून आलेलं, तपासणीचा शिक्का किंवा सही असलेलं कार्ड कधीही गठ्ठ्यात विकू नका. ते टपालसंग्राहकालाही हवं असतं आणि इतिहास अभ्यासकालाही.

संस्थानं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाची टपालव्यवस्था स्वतंत्र होती. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबादकडच्या जुन्या घरांत निजामी कार्डं निघतात. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत होळकर आणि शिंदे संस्थानांची. ही ब्रिटिश हिंदुस्थानच्या कार्डांत मिसळू नका.

गोवा. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज कार्डांवर "इंदिया पोर्तुगेझा" आणि "बिल्येत पोश्ताल" असे शब्द रोमी लिपीत दिसतील. यांचे ग्राहक भारताइतकेच पोर्तुगालमध्ये आहेत.

काही विशेष कार्डं: २ ऑक्टोबर १९५१ ला निघालेली गांधीजींच्या चित्रांची ९ पैची कार्डं, "जय हिंद" शिक्क्याची १९४७ ची कार्डं, आणि १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानानं गेलेल्या टपालाची. शेवटच्या प्रकारात बनावट शिक्केही फिरतात. तसं काही सापडलं तर जाणकाराच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका.

चित्रकार्डात काय शोधायचं

मुंबईची व्हिक्टोरिया टर्मिनस, ताजमहाल हॉटेल, राजाबाई टॉवर, मलबार हिल यांची कार्डं खूप छापली गेली आणि खूप टिकली. महाबळेश्वर, माथेरानचीही तशीच, कारण तिथे साहेब लोक जात. देवळाली ही लष्करी छावणी असल्यानं तिथली कार्डं गोऱ्या सैनिकांनी ढिगानं मायदेशी पाठवली.

दुर्मीळ कार्डं बहुधा अनाकर्षक दिसतात. तालुक्याच्या गावाची बाजारपेठ. लहान स्टेशन. गिरणी कामगार, लोहार, पाणक्या, प्लेगच्या काळातली छावणी, पाडला गेलेला वाडा, बंद झालेली ट्राम. जिथे पर्यटक जात नव्हते तिथली कार्डं थोडी छापली गेली, आणि आज त्या गावचा माणूस तीच शोधत असतो.

नाव छापलेलं असेल तर वहीत लिहाच. मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनीची कार्डं, लंडनच्या राफाएल टक यांची, दिल्लीच्या एच. ए. मिर्झा आणि सन्सची. रविवर्मा प्रेसची कार्डं तर अनेक मराठी घरांत निघतात. हा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्म्यांची चित्रं इतरांनीही छापली, आजही छापली जातात, म्हणून देवीचं चित्र बघून नाही, कार्डावरचं छापखान्याचं नाव बघून ठरवा. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईतल्या माणसांची गमतीदार रंगीत चित्रकार्डं काढली होती. त्यांची सही चित्राच्या कोपऱ्यात भिंगानं शोधा.

मजकुरासाठी

पाठवणारा नामवंत असेल तर कार्डाचा भाव अक्षरावर आणि सहीवर ठरतो. गांधीजींनी असंख्य पोस्टकार्डं लिहिली. मराठी साहित्यिक वाचकांना कार्डानंच उत्तर देत. पण "आमच्या घरात सांगतात" हा पुरावा होत नाही. कार्ड कुणाला आलं, घरात कसं आलं, त्याच माणसाचं दुसरं निःसंशय अक्षर कुठे आहे, हे कागदावर मांडा. कार्ड विकलं तरी त्यातला मजकूर छापायचा हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रसिद्ध नाव नसतानाही काही मजकूर मोलाचा असतो: प्लेग, दुष्काळ, संप, पूर, गिरणीचा पगार, धान्याचे भाव. पुढची बाजू बघून कार्ड बाजूला टाकण्याआधी मागचा प्रत्येक शब्द वाचा.

## टप्पा ५: दोष लिहून काढा

आपल्या घरांतल्या कार्डांचे काही दोष खास आपलेच आहेत. आलेलं पत्र भिंतीवरच्या तारेला ओवून ठेवायची पद्धत होती, त्यामुळे हजारो कार्डांच्या मधोमध भोक असतं. भाव कमी होतो, संपत नाही. कार्ड दुर्मीळ असेल तर तरीही जातं. शुभवार्तेच्या पत्रांवर हळदकुंकवाचे डाग असतात. ते दोष म्हणून लिहा, पण धुऊ नका. निधनाची पत्रं वाचून फाडून टाकत, म्हणून तशी अखंड कार्डं कमी टिकली.

प्रत्येक कार्डासाठी वहीत एक ओळ: चारही कोपरे, घड्या, भोकं, फाटा, तांबूस ठिपके, कसरीनं किंवा वाळवीनं खाल्लेला भाग, पसरलेली शाई, तिकीट आहे की काढलेलं. कार्ड खिडकीजवळ तिरपं धरा, तिरक्या उजेडात घडी दिसते. मोबाइलच्या सरळ फोटोत ती लपते, आणि ग्राहकाच्या हातात गेल्यावर तीच परत येण्याचं कारण होते.

सावधान: छापील तिकीट असलेल्या कार्डाचा तिकिटाचा चौकोन कापला, की दोन्ही तुकडे जवळजवळ निरुपयोगी. चिकटवलेलं तिकीटही पाण्यात भिजवून काढू नका. तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असणं हीच त्या कार्डाची किंमत.

## टप्पा ६: अस्सल की नक्कल

भिंगातून चित्र बघा. एकसारखे, ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ती छपाई आहे. ठिपके नसून राखाडी छटा सलग उतरत गेल्या असतील तर ते खरं छायाचित्र. अशी छायाचित्र-कार्डं बहुधा थोड्या प्रतींत निघत, म्हणून त्यांना वेगळं पाकीट.

मोजा. जुनी चित्रकार्डं साधारण १४ सेंमी बाय ९ सेंमी असतात. १५ बाय १० चं कार्ड बहुधा नवं. कागद नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. निळसर पांढरा झळकला तर त्यात प्रकाशवर्धक रसायन आहे, म्हणजे कागद १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा. चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं कार्ड कडेला जास्त आणि एकसारखं तपकिरी दिसतं. खरा जुनेपणा असा समान नसतो.

तपासा: इथपर्यंत प्रत्येक कार्डाची वहीत नोंद झाली का? प्रकार, वय, शिक्का, प्रकाशक, मजकुराचा सारांश, दोष, अस्सलपणाबद्दलचं मत. नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: भाव काढा

सर्वांत मोठी चूक: इंटरनेटवर कुणीतरी मागितलेली किंमत बघून तीच आपली समजणं. पन्नास हजार मागायला काही लागत नाही. विकल्या गेलेल्या किमतीच बघा. ईबेवर "विकलेल्या वस्तू" अशी चाळणी लावता येते. डेलकांप या युरोपीय संकेतस्थळावर पोस्टकार्डांचा मोठा बाजार आहे. मुंबईहून गेलेली असंख्य कार्डं ब्रिटनमध्येच राहिली, म्हणून आपल्या गावची कार्डं तिकडच्या विक्रीत जास्त दिसतात. भारतीय लिलावगृहांच्या यादीत अंतिम बोली बघा, आणि ग्राहकानं वर दिलेलं शुल्क त्यात धरलंय की नाही तेही.

शोध इंग्रजीतच घ्या आणि गावाची जुनी स्पेलिंगं वापरा. पुण्यासाठी "पूना", ठाण्यासाठी "ताना", सोलापूरसाठी "शोलापूर" ही इंग्रजी रूपं टाकल्याशिवाय अर्धी कार्डं सापडतच नाहीत.

आता नमुन्यादाखल आकडे घेऊ. तुमच्यासारख्या कार्डाच्या आठ विक्री सापडल्या: ४००, ४५०, ४५०, ५००, ६००, ६५०, ७०० आणि २,४०० रुपये. सरासरी ७६९ येते, पण ती एका विक्रीनं फुगवली आहे. मधल्या दोन आकड्यांच्या मधोमध जा: ५५०. मग २,४०० चं कार्ड उघडून बघा, त्यात काय वेगळं होतं? दुर्मीळ शिक्का? तोच शिक्का तुमच्याकडे नसेल तर तो आकडा विसरा. शेवटी तुमच्या कार्डाचे दोष वजा करा. तारेचं भोक असेल तर ५५० ची अपेक्षा धरू नका.

हा झाला थेट संग्राहकाकडून मिळणारा भाव. व्यापारी याच्या निम्म्याहूनही कमी देईल, आणि त्यात लबाडी नाही. त्याला ते कार्ड महिनोन् महिने सांभाळायचं असतं. म्हणून वहीत दोन रकाने करा: थेट विकलं तर, आणि व्यापाऱ्याला दिलं तर. तुलना करण्यासारखी एकही विक्री सापडली नाही तर ते कार्ड लिलावाच्या ढिगात.

## टप्पा ८: कुठलं कार्ड कुठे

साधी कार्डं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची, साध्या शिक्क्याची, घरगुती मजकुराची. ही गठ्ठ्यानं जातात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, तिकिटांची लहान दुकानं. इथे विकायला नेण्याआधी एकदा मोकळ्या हातानं जाऊन या, तसाच माल ते काय भावानं विकतात ते विचारा.

मधल्या दर्जाची कार्डं. यांना थेट संग्राहक गाठावा. टपाल खात्याची राज्य पातळीवरची महापेक्स किंवा जिल्ह्यातली प्रदर्शनं भरतात, तिथे व्यापारी आणि संग्राहक एकाच छताखाली भेटतात. तीन व्यापाऱ्यांना तेच कार्ड दाखवा. सगळा संग्रह नेऊ नका, वही आणि पाचसहा कार्डं न्या. गावाच्या कार्डासाठी त्या गावच्या इतिहासावर लिहिणाऱ्या लोकांचे समाजमाध्यमांवरचे गट उत्तम: मिरजेचं कार्ड मिरजकराइतकं कुणालाच नको असतं. तिथे फोटो टाकताना नातेवाइकांचे पत्ते झाका आणि फोटो कमी आकाराचा द्या.

वरच्या दर्जाची कार्डं. तुरुंगाची, नामवंतांच्या सहीची, दुर्मीळ शिक्क्यांची, अनोळखी पण प्रभावी छायाचित्रं. यांना लिलाव. मुंबई, बंगळुरू, अहमदाबादला नाणी आणि टपालाचे लिलाव करणाऱ्या संस्था आहेत. कार्ड सोपवण्याआधी लेखी उत्तरं घ्या: विक्रेत्याकडून कमिशन किती? राखीव किंमत, म्हणजे त्याखाली विकायचं नाही अशी, ठेवता येईल का? विकलं नाही तर परत पाठवण्याचा खर्च कुणाचा? पैसे किती दिवसांत? कार्ड त्यांच्या ताब्यात असताना हरवलं तर? क्रमांक आणि फोटोसह पोचपावती मिळाल्याशिवाय कार्ड हातातून सोडू नका.

सावधान: "तुमचं कार्ड आम्ही दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा" हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. जुन्या नाण्या-नोटांच्या नावानं असं चालतं म्हणून रिझर्व्ह बँकेनंही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. खरा ग्राहक तुमच्याकडून पैसे मागत नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही.

## टप्पा ९: व्यवहार आणि पाठवणी

जाहिरातीत दोन्ही बाजूंचे फोटो आणि दोषांची यादी द्या, किंमत ठरवा आणि घासाघिशीत किती खाली जायचं ते आधीच वहीत लिहून ठेवा. पैसे खात्यात जमा झालेले स्वतः बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्यानं पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

कार्ड पाकिटात, पाकीट दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे चारही बाजूंनी कार्डापेक्षा दोन सेंमी मोठे. चिकटपट्टी पुठ्ठ्यालाच, पाकिटाला नाही. पावसाळ्यात बाहेरून प्लॅस्टिक. विमा उतरवून स्पीड पोस्टनं पाठवा आणि बांधणीचा फोटो ठेवा.

परदेशी ग्राहक असेल तर थांबा. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित कागद, पुरावशेष ठरू शकतात. पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून जुनं कार्ड बाहेर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा आणि ते पुरावशेष नसल्याचा दाखला लागतो का ते विचारा. आधी विकून मग विचारणं अंगाशी येतं. परदेशी संकेतस्थळं भाव बघायला वापरा, विक्री शक्यतो देशातच करा.

सगळं झाल्यावर काही कार्डं उरतील: मजकूर चांगला, पण ग्राहक नाही. एखाद्या शेतकऱ्यानं दुष्काळात भावाला लिहिलेली दहा पत्रं, सासरहून लिहिलेलं मोडीतलं कार्ड. ती रद्दीत टाकू नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा तुमच्या जिल्ह्यातलं जुनं ग्रंथालय यांना आधी स्कॅन आणि वहीतली नोंद दाखवा, त्यांनी होकार दिला तर मूळ कार्डं पावती घेऊन द्या. देताना टप्पा १ मधला, सुतळी कापण्याआधीचा गठ्ठ्याचा फोटोही सोबत द्या. कुठलं पत्र कुणासोबत होतं हे त्यांना त्यावरूनच कळणार आहे.